वेम्बली १९८८ आणि तुमच्या कपाटातल्या कॅसेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीतल्या विश्रामबागेत, आमच्या माडीवरच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी आठ-दहा जण जमतो. एखादी जुनी मैफल किंवा कॉन्सर्ट लावायची आणि मध्ये पॉज न करता शेवटपर्यंत ऐकायची, एवढाच कार्यक्रम. मायकल जॅक्सनची वेम्बलीची कॉन्सर्ट लावली आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येताहेत. मिरजेहून, कुपवाडहून, तासगावहून, एक तर थेट कराडहून. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत, शुद्धलेखन तेवढं सुधारलंय.

१. ही नेमकी कुठली कॉन्सर्ट? तारीख काय?

लंडनचं वेम्बली स्टेडियम, १६ जुलै १९८८. 'बॅड' हा अल्बम ऑगस्ट १९८७ मध्ये आला. भावंडांशिवाय एकट्याने केलेला मायकलचा पहिला जागतिक दौरा त्याच अल्बमच्या नावाने निघाला. सप्टेंबर १९८७ मध्ये टोकियोत सुरू झाला, जानेवारी १९८९ मध्ये लॉस एंजेलिसला संपला, एकूण १२३ कार्यक्रम. त्यातल्या सात रात्री एकट्या वेम्बलीत झाल्या आणि सातही रात्री मिळून ५ लाख ४ हजार माणसं आली. २०११ च्या जनगणनेत आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या ५ लाख २ हजारांच्या घरात होती. म्हणजे तान्ह्या पोरांसकट अख्खी महापालिका उठून कॉन्सर्टला गेली असती, तरी थोड्या खुर्च्या उरल्या असत्या.

व्हिडिओ आणि सीडी बाहेर यायला मात्र २०१२ उजाडलं. अल्बमला पंचवीस वर्षं झाली म्हणून जो संच काढला, त्यात ही कॉन्सर्ट होती. मायकलला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

२. चित्र इतकं धुरकट का दिसतं? प्रोजेक्टर बदला की काका!

प्रोजेक्टर ठीक आहे. पुढच्या रविवारी त्याच प्रोजेक्टरवर दुसरं काही लावून दाखवतो.

त्या रात्री मैदानात कॅमेरे होते, पण ते सिनेमा काढायला लावलेले नव्हते. बहात्तर हजार माणसांतल्या मागच्यांना रंगमंचावरचा माणूस करंगळीएवढा दिसणार, म्हणून बाजूला मोठे पडदे होते. कॅमेऱ्यांचं चित्र त्या पडद्यांवर जायचं. त्याची एक प्रत व्हीएचएस कॅसेटवर उतरली होती आणि ती मायकलच्या स्वतःच्या संग्रहात राहिली. पुढे चोवीस वर्षांनी कॉन्सर्ट बाहेर काढायची ठरली, तेव्हा चांगल्या दर्जाची मूळ टेप हाताला लागली नाही. सापडली ती ही घरगुती कॅसेट. जगातल्या सगळ्यात श्रीमंत गायकांपैकी एकाची सगळ्यात गाजलेली रात्र, आणि ती टिकली कशावर, तर आपण भाड्याने व्हीसीआर आणून लग्नाची कॅसेट बघायचो त्याच जातीच्या टेपवर!

व्हीएचएसवर आडव्या दिशेने साधारण २४० रेषांइतका तपशील टिकतो. डीव्हीडीवर त्याच्या जवळपास दुप्पट. रंगाचा तपशील तर व्हीएचएसवर त्याहून खूपच कमी असतो, त्यामुळे लाल रंग कडेने ओघळतो. पुढच्या वेळी लाल दिवे लागतील तेव्हा त्याच्या खांद्याच्या कडेकडे बघा. ओल्या कपड्याचा रंग शेजारच्या कपड्याला लागावा, तसं दिसेल. साफसफाई करणाऱ्यांनी शक्य तेवढं केलंय, पण टेपवर जे उमटलंच नाही ते आणणार कुठून? मोठ्या पडद्यावर तोच दोष आणखी मोठा दिसतो. घरी बत्तीस इंची टीव्हीवर बघा, निम्मी तक्रार जाईल.

३. चित्र खराब आणि आवाज मात्र कालचा वाटतो. हे कसं?

कारण आवाज त्या कॅसेटवरून घेतलेलाच नाही. तो मल्टिट्रॅक टेपवर वेगळा घेतला होता आणि त्या टेपा टिकल्या. मल्टिट्रॅक म्हणजे गायकाचा माइक एका पट्टीवर, बास दुसऱ्या, ड्रम आणखी काही पट्ट्यांवर, प्रेक्षकांकडे तोंड केलेले माइक वेगळे. नंतर निवांत बसून कुणाचा आवाज किती हे ठरवता येतं. २०१२ मध्ये तेच केलं आणि तो आवाज व्हीएचएसच्या चित्राशी जुळवला.

आमच्याकडे येणारे एक तबलजी पडद्याकडे पाठ करून बसतात. ते म्हणतात, डोळे उघडले की ऐकू कमी येतं. या रेकॉर्डिंगच्या बाबतीत ते बरोबर आहेत.

४. लाइव्ह म्हणजे त्या रात्री जे झालं ते जसंच्या तसं ना?

क्वचित. 'लाइव्ह' या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, खरोखर एका रात्रीचं रेकॉर्डिंग, फक्त मिक्सिंग नंतरचं. दोन, अनेक रात्रींतून वेचलेलं: पहिलं गाणं एका गावचं, दुसरं दुसऱ्या, आणि टाळ्यांचा सांधा मधोमध. तीन, रात्रीच्या रेकॉर्डिंगवर नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन, वाजवून दुरुस्ती केलेलं. पॉप-रॉकच्या जगात तिसरा प्रकार इतका रुळलेला आहे की कुणी लपवतही नाही, फक्त कव्हरवर छापत नाही.

पकडायचं कसं? टाळ्या ऐका. दोन गाण्यांमधला टाळ्यांचा आवाज अचानक अरुंद झाला, त्यातली एखादी शिट्टी दर गाण्यानंतर तशीच्या तशी ऐकू आली, की समजा कात्री लागली. दुसरी खूण म्हणजे गाण्याच्या माइकमधली गळती. स्टेजवर गायकाच्या माइकमध्ये मागचे ड्रम थोडेफार शिरतातच. गाणारा थांबला आणि ड्रमचा पोत तिळभरही बदलला नाही, तर गायन नंतरचं असण्याची शक्यता मोठी.

मला स्वतःला दुरुस्तीचा राग नाही. राग येतो तो न सांगण्याचा.

५. तो खरंच गातो की नुसते ओठ हलवतो?

१९८८ मध्ये बहुतांशी खरंच गातो. नाचता नाचता धाप लागते, ओळीचं शेवटचं अक्षर गिळलं जातं, चढा सूर घासून लागतो. हे सगळं या रेकॉर्डिंगमध्ये आहे आणि मला तरी ते हवंय. काही थर मात्र आधी भरून ठेवलेले आहेत. त्या दौऱ्यात सिंक्लेव्हिअर नावाचं महागडं यंत्र स्टेजवर असायचं, स्टुडिओतले बरेच आवाज त्यातून यायचे.

१९९६-९७ च्या दौऱ्याबद्दल विचाराल तर उत्तर उलटं आहे. तिथे बराचसा भाग आधी रेकॉर्ड केलेलाच वाजतो. म्हणून 'मायकल लाइव्ह गायचा का' या वादात पहिल्यांदा साल विचारा.

६. प्रेक्षकांच्या टाळ्या तालाच्या मागे का पडतात? गोऱ्यांना ताल नाही का?

हा प्रश्न सहा जणांनी विचारला, सहाही जण मिरजेचे. सतारमेकर गल्लीच्या हवेचा परिणाम असणार.

ताल सगळ्यांना आहे, दोष हवेचा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला ठोका ऐकू येतो तोच पाव सेकंदाहून थोडा उशिरा. तो त्यावर बरोबर टाळी वाजवतो आणि त्या टाळीला स्टेजजवळच्या माइकपर्यंत परत यायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. झाला अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर. मध्यम लयीच्या गाण्यात हा अख्खा ठोका होतो.

तुम्ही हे लहानपणी पाहिलंय. कृष्णेच्या घाटावर उभं राहून पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बाईकडे बघा. कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो, ती हात पुन्हा वर न्यायला लागते तेव्हा 'थाप' येते. वेम्बलीत दोन्ही काठांवर माणसं आहेत, एवढाच फरक. मिक्सिंग करणारे बऱ्याचदा प्रेक्षकांचे माइक थोडे पुढे सरकवून हे जुळवतात. जिथे टाळ्या अगदी तालात पडलेल्या दिसतील, तिथे उलट जास्त शंका घ्या (प्रश्न ४ पाहा).

७. मोठ्या केसांची ती बाई कोण, द्वंद्वगीत गाणारी? आणि गिटारवाली?

गाणारी शेरिल क्रो. तेव्हा ती मागे कोरसला गाणारी होती, तिचा स्वतःचा पहिला अल्बम १९९३ चा. पांढऱ्या-सोनेरी केसांचा तुरा असलेली गिटारवाली जेनिफर बॅटन. ड्रमवर रिकी लॉसन, आणि वाद्यवृंदाची सूत्रं ग्रेग फिलिंगेन्सकडे.

८. राजकन्या डायना आली होती म्हणतात. तिच्यासाठी एक गाणं गाळलं होतं ना?

आली होती. १६ जुलैच्याच रात्री चार्ल्स आणि डायना दोघंही होते. दौऱ्यात 'डर्टी डायना' नावाचं गाणं होतं. राजकन्येसमोर हे बरं दिसणार नाही म्हणून आपण ते काढलं होतं, पण ती आधी भेटली तेव्हा तिनेच विचारलं आणि गा म्हणाली, असं मायकलने १९९७ मध्ये डायनाच्या निधनानंतर टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं. डीव्हीडीवर गाणं आहे. त्यामुळे 'गाळलं' म्हणणारे आणि 'गायलं' म्हणणारे दोघंही अर्धे बरोबर. चहाची पैज लावली असेल तर निम्मा निम्मा प्या.

९. बुखारेस्टची कॉन्सर्ट आधी बघू की ही?

चित्र हवं असेल तर बुखारेस्ट. १ ऑक्टोबर १९९२ ची मायकलचीच ती रुमानियातली कॉन्सर्ट मुळातच टीव्हीसाठी चित्रित केली होती, त्याच महिन्यात एचबीओवर दाखवली आणि २००५ मध्ये डीव्हीडी निघाली. गाणं हवं असेल तर वेम्बली. बुखारेस्टमध्ये कॅमेरा सारखा रडणाऱ्या, भोवळ येऊन पडणाऱ्या पोरींकडे वळतो. मला दहा मिनिटांनी त्याचा कंटाळा येतो. घरात नाचणारी मुलं असतील तर अर्थात बुखारेस्टच लावा, माझं ऐकू नका.

१०. मुंबईला १९९६ मध्ये झालेल्या शोची डीव्हीडी मिळेल का? माझे मामा गेले होते.

१ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडासंकुल. त्या रात्रीची अधिकृत डीव्हीडी किंवा सीडी निघालेली नाही. 'मुंबई लाइव्ह' छापून विकतात ती एकतर प्रेक्षकातून कुणी टेप केलेली असते किंवा त्याच दौऱ्यातल्या दुसऱ्या शहराची. त्या कार्यक्रमाच्या करमणूक कराचं भिजत घोंगडं मात्र २०२१ च्या मंत्रिमंडळ निर्णयापर्यंत चाललं. मामांकडे तिकिटाचा अर्धा तुकडा असेल तर जपून ठेवा आणि मामांना बोलतं करून मोबाइलवर रेकॉर्ड करा. सध्या तेच मुंबईचं रेकॉर्डिंग.

११. भावाने इंग्लंडहून डीव्हीडी पाठवली. प्लेअर 'चुकीचा रीजन' म्हणतो.

डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत. भारत ५, इंग्लंड २, अमेरिका १. ब्लू-रेचे विभाग वेगळे: आपला सी, इंग्लंडचा बी, अमेरिकेचा ए. आपल्याकडे मिळणारे बरेच साधे डीव्हीडी प्लेअर सगळे विभाग चालवतात. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये विभाग बदलता येतो, पण साधारण पाचच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. उत्साहाच्या भरात एका दुपारी पाचही वेळा संपवणारे एक गृहस्थ आमच्यात आहेत. नाव सांगत नाही, खोलीचं भाडं तेच भरतात.

१२. जुन्या कॅसेटवर 'डॉल्बी' लिहिलंय. म्हणजे मिरवणुकीतली डॉल्बी का?

नाही हो. आपल्या सांगली-साताऱ्याकडे डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. मूळ डॉल्बीचं काम बरोबर उलटं, आवाज शांत करण्याचं. कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढ्या संथ वेगाने सरकते, त्यामुळे 'स्स्स' अशी खरखर मागे राहते. डॉल्बीत रेकॉर्ड करताना बारीक, चढे आवाज वाढवून भरतात आणि वाजवताना तेवढेच उतरवतात. त्यांच्याबरोबर खरखरही उतरते. म्हणून डॉल्बीत भरलेली कॅसेट बटण बंद ठेवून लावली तर चरचरीत वाटते, आणि साधी कॅसेट बटण चालू ठेवून लावली तर तोंडावर गोधडी घेऊन गायल्यासारखी.

हे शोधणारे रे डॉल्बी कंपनी काढण्याआधी, १९६३ ते ६५, संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून पंजाबात सरकारी वैज्ञानिक उपकरण संस्थेत काम करत होते. त्या माणसाचं नाव आपण कशाला दिलंय हे त्यांना कळलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

१३. २०१९ च्या पुरात कॅसेटी भिजल्या. वाळवून ठेवल्यात. लावून बघू का?

थांबा. लावू नका. हा प्रश्न गावभागातून आणि नदीकाठच्या घरांतून सतत येतो, म्हणून जरा सविस्तर.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. ते पाणी म्हणजे निम्मा गाळ. तो गाळ टेपच्या वेटोळ्यांत बसून वाळलेला असतो. तशी कॅसेट प्लेअरमध्ये घातलीत तर टेप तर खरवडेलच, शिवाय प्लेअरचं हेड जाईल आणि त्यानंतर घातलेली चांगली कॅसेटही खराब होईल. वेटोळ्यांवर पांढरी पूड दिसत असेल तर ती बुरशी. तोंडाला मास्क बांधा, खोलीत लहान मूल नको, आणि ती कॅसेट बाकीच्यांपासून दूर ठेवा.

व्हीएचएसची पेटी पाच स्क्रूंवर असते. उलटी करून सोडवा, झाकण वर न उचलता सुलटी करा आणि मग उघडा. नाहीतर स्प्रिंगा उडतात आणि पलंगाखाली शोधत बसावं लागतं. रिळं तशीच उचलून चांगल्या पेटीत घालायची. गाळ असेल तर बॅटरीत घालतो त्या डिस्टिल्ड पाण्याने हलक्या हाताने धुवायची, मग सावलीत उभी ठेवून वाळू द्यायची. दिवस लागतात, तास नाही. पूर्ण वाळल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवून घ्यायची आणि मगच, एकदाच, कॉम्प्युटरवर उतरवत वाजवायची. दुसरी संधी मिळेलच असं नाही.

उन्हात ठेवू नका. हेअर ड्रायर नको. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००५ च्या पुरानंतर आईच्या भजनाची कॅसेट मी गच्चीवर कडक उन्हात ठेवली होती. संध्याकाळी आणायला गेलो तर टेप कडेने झालरीसारखी वळलेली. वाजली, पण आईचा आवाज पाण्याखालून यावा तसा. आई ऐकून म्हणाली, "बरं आहे की, मी कुठं एवढी चांगली गात होते." त्यावर काय बोलणार?

सीडी-डीव्हीडीचं सोपं आहे. साध्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने मधून बाहेरच्या कडेकडे पुसा. गोल गोल पुसू नका.

१४. गणपतीत मंडपात मोठ्या पडद्यावर ही कॉन्सर्ट दाखवली तर चालेल का?

कायदेशीर बाजू आधी. कॉपीराइट कायद्यात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात वाजवलेल्या संगीताला सूट आहे. आरतीच्या रेकॉर्डला तो आधार घेता येईल. मायकल जॅक्सनची कॉन्सर्ट हा विधीचा भाग आहे हे कुणाला पटवाल? ध्वनिमुद्रणाच्या जाहीर वापरासाठी पीपीएल, शब्द-संगीतासाठी आयपीआरएस या संस्थांकडून परवाना लागतो, आणि चित्राचे हक्क त्याहून वेगळे, ज्याने डीव्हीडी काढली त्याचे. शिवाय रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. वर्षातले ठराविक दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं, ते दिवस कोणते ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

"मग तुम्ही कसं लावता?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. आमची बैठक घरात असते, तिकीट नाही, जाहिरात नाही, येणारे सगळे ओळखीचे. भडंगाचा डबा ज्याचा त्याने आणायचा. आणि संथ गाण्याच्या वेळी तो उघडायचा नाही.

१५. मैफलीत मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो. ते चूक आहे का? आणि आवाज असा का येतो?

स्वतःला ऐकायला, शिकायला रेकॉर्ड केलं तर कायदा आड येत नाही. ते वाटलं, विकलं किंवा नेटवर टाकलं की कलाकाराचा हक्क येतो, आणि तो पन्नास वर्षं टिकतो. तरीही आधी विचारा. मिरजेच्या दर्ग्यातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसभेला शेकडो मोबाइल वर असतात. समोर बसलेल्या गायकाला श्रोत्यांचे डोळे दिसत नाहीत, नुसते कॅमेरे दिसतात.

आवाजाचं म्हणाल तर मोबाइल आपल्या मनाने आवाज कमी-जास्त करतो. मोठा आवाज आला की दाबतो, शांत झालं की वर खेचतो. त्यामुळे गायक श्वास घ्यायला थांबला की मागचा तानपुरा एकदम फुगतो, आणि तान सुरू झाली की पुन्हा खाली बसतो. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये हे आपोआप वाढवणं बंद करायची सोय असेल तर ती वापरा. फोन स्पीकरसमोर धरू नका, चार-पाच रांगा मागे बसा.

१६. पेनड्राइव्हवर द्याल का?

नाही.

१७. कॅसेटवर नुसतं 'एमजे लाइव्ह' लिहिलंय. कुठली कॉन्सर्ट हे कसं ओळखायचं?

सुरुवातीची पाच मिनिटं पुरतात. काळे कपडे, त्यावर पट्टे आणि बकलं, केस मागे बांधलेले, तर १९८७-८९ चा दौरा. स्टेजच्या खालून उडी मारून वर येतो आणि मग पुतळ्यासारखा नुसता उभा राहतो, तर १९९२-९३. यानातून उतरतो आणि अंगावर सोनेरी पोशाख, तर १९९६-९७. चित्रावर चॅनेलचा शिक्का असेल तर बहुतेक टीव्हीवरून टेप केलेलं आहे. शिक्का दोनदा, एक पुसट आणि एक ठळक असेल, तर टेप केलेल्यावरून पुन्हा टेप केलेलं, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

अपवाद एकच, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला आला. व्हीएचएसच्या कडेला प्लास्टिकची एक बारीक चीप असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा टेप होत नाही. माझ्याकडच्या एका बुखारेस्टच्या कॅसेटवर कुणी ती मोडलीच नव्हती. गणपती पेठेजवळच्या एका रद्दीवाल्याकडून मी ती वीस रुपयांना घेतली. उडी आहे, पुतळ्यासारखं उभं राहणं आहे, तो गॉगलला हात लावतो आणि तिथेच चित्र तुटून कुणाच्या तरी घरचं बारसं सुरू होतं. अकरा मिनिटं. पाळण्याला झेंडूच्या माळा, मागच्या भिंतीवर १९९३ च्या मे महिन्याचं कॅलेंडर, दारात हळदीच्या पोत्यांची थप्पी. हिरव्या साडीतली एक आजी पाळणा म्हणता म्हणता तिसऱ्या कडव्यात अडकते, कुणीतरी मागून शब्द सांगतं, सगळ्या हसतात. मग पुन्हा मायकल.

'कुर्र' म्हणून झाल्यावर पाळण्यात काय नाव सांगितलं ते माइकने पकडलेलं नाही. मूल आता तिशी ओलांडलेलं असेल. घर ओळखीचं वाटत असेल तर कळवा, प्रश्न १६ चं उत्तर तेवढ्यापुरतं बदलेन.